बारा जानेवारीच्या पानावरची दोन पंचांगे

कोणताही दिनविशेष उघडावा आणि बारा जानेवारीचे पान काढावे. जन्माच्या रकान्यात दोन मोठी नावे हमखास सापडतात. पहिले जिजाऊंचे, १५९८, सिंदखेड राजा. दुसरे स्वामी विवेकानंदांचे, १८६३, कोलकाता. जिल्हा परिषदेच्या शाळांत परिपाठाच्या वेळी फळ्यावर हीच दोन नावे एकाखाली एक लिहिली जातात आणि मुले ती मोठ्याने वाचतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर हा दिवस घरचाच. सिंदखेड राजाला त्या दिवशी माणसांचा पूर लोटतो.

या दोन ओळींतली 'बारा जानेवारी' मात्र एक नाही. विवेकानंदांची तारीख आज भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरच्या पद्धतीची, म्हणजे ग्रेगरी पद्धतीची आहे. जिजाऊंची तारीख त्याआधीच्या जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. नव्या पद्धतीने मोजले तर तो दिवस २२ जानेवारी १५९८ येतो. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेली कापडे एकाच गठ्ठ्यात बांधावीत, तसे हे झाले आहे. पट्टी कोणती, हे पानावर कुठेच लिहिलेले नसते.

मी संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकाल इथे राहतो. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. जंत्र्या, शकावल्या आणि जुनी पंचांगे चाळत जे उमगले तेच माझे शिक्षण. गेली काही वर्षे मी एका जाड वहीत बुलढाणा जिल्ह्याचा दिनविशेष मांडतो आहे. वर्षाच्या दिवसांची ३६६ पाने. ही पाने एकसारखी राहावीत म्हणून काही नियम करावे लागले, आणि ते करताना कळले की दिनविशेषाचे नियम म्हणजे केवळ मांडणीचा प्रश्न नाही. ते इतिहासाचेच काम आहे.

साचा आहे, पण खूण नाही

मराठीत कोशरचनेची परंपरा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. विश्वकोशातली चरित्राची नोंद पाहिली की संपादकांची शिस्त लगेच दिसते. शीर्षकाखाली कंसात जन्म आणि मृत्यू. साल पक्के नसेल तर आधी 'सु.', म्हणजे सुमारे. पुरावाच नसेल तर प्रश्नचिन्ह. दोनच खुणा, पण वाचकाला नेमके सांगतात की संपादकाचा पाय कुठे घट्ट आहे आणि कुठे नाही.

दिनविशेषाला कोशाचे रूप मिळाले ते मराठी विकिपीडियात. २००३ साली सुरू झालेल्या या कोशात वर्षाच्या प्रत्येक दिवसाला स्वतंत्र लेख आहे. त्याचा साचा ठरलेला: हा वर्षातला कितवा दिवस ते आरंभी सांगायचे, मग ठळक घटना, जन्म, मृत्यू आणि प्रतिवार्षिक पालन, प्रत्येक भागात सालांचा क्रम चढता. साचा चांगला आहे. तो नसता तर एका पानावर जन्म आधी, दुसऱ्यावर मृत्यू आधी, तिसऱ्यावर सणच सण, असा गोंधळ झाला असता. पण छापील असोत की संगणकावरचे, बहुतेक दिनविशेषांत विश्वकोशाच्या 'सु.' सारखी खूण तारखेच्या पद्धतीसाठी नसते. आरंभाच्या ओळीत 'ग्रेगरी दिनदर्शिकेनुसार' असे लिहायचे आणि खाली ज्युलियन तारखा घालायच्या, हा विरोध कोणाला टोचत नाही.

१७५२ चा सांधा

हे असे का झाले, ते पाहू. पोप तेराव्या ग्रेगरीच्या आज्ञेने १५८२ साली रोममध्ये ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर एकदम १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. वार चालू राहिले, दहा तारखा गळाल्या. पोर्तुगालने ही पद्धत तेव्हाच घेतली. इंग्लंडने मात्र पोपचे कॅलेंडर म्हणून ती पावणेदोनशे वर्षे लांब ठेवली. तिथे २ सप्टेंबर १७५२ नंतर १४ सप्टेंबर उजाडला. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता, कारण १७०० हे साल जुन्या पद्धतीत लीप होते आणि नव्या पद्धतीत नव्हते.

आपल्या शिवकाळाच्या इंग्रजी तारखा मोठ्या प्रमाणावर ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांशी जुळवल्या गेल्या. त्यामुळे इतिहासकारांनी तिथ्यांचे रूपांतर करतानाही १७५२ पर्यंत जुनीच पद्धत चालवली. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३०, राज्याभिषेकाची ६ जून १६७४ आणि महाराजांच्या निधनाची ३ एप्रिल १६८० या तिन्ही तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत. नव्या पद्धतीने त्या अनुक्रमे १ मार्च, १६ जून आणि १३ एप्रिल येतात. बाजीराव पेशव्यांच्या मृत्यूची २८ एप्रिल १७४० ही तारीखही जुनीच, नव्याने ९ मे. पानिपतची १४ जानेवारी १७६१ मात्र नवी. मधे कुठेतरी सांधा बदलला, पण रुळावर पाटी नाही.

ही तपासणी करायला मोठी विद्वत्ता लागत नाही, चंद्र पुरतो. बाजीरावांचे निधन वैशाख शुद्ध त्रयोदशीचे. १७४० च्या एप्रिल-मे महिन्यातली पौर्णिमा नव्या पद्धतीने ११ मे रोजी येते. तेव्हा शुद्ध त्रयोदशी ९ मेच्या आसपास बसते. नव्या पद्धतीने २८ एप्रिल घेतला तर चंद्र जेमतेम द्वितीयेची कोर असेल. जिजाऊंचा जन्म पौष पौर्णिमेचा. नव्या पद्धतीच्या १२ जानेवारी १५९८ ला चंद्र पंचमीच्या आसपास होता. २२ जानेवारीला तो पूर्ण होता. कागद लिहिणारा चुकेल, छापणारा चुकेल, पण चंद्र आपली जागा सोडत नाही.

एवढे कळले की वाटते, चला, १७५२ आधीची प्रत्येक तारीख जुनी समजावी आणि मोकळे व्हावे. तेही जमत नाही. आमच्याच जिल्ह्यातले साखरखेर्डा घ्या. तिथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनच्या इतिहासाला वळण लागले. या लढाईची प्रचलित तारीख ११ ऑक्टोबर १७२४. मूळ फारसी कालगणना हिजरी ११३७, मोहरमची २३. हिशेब केला तर ११ ऑक्टोबर ही नव्या पद्धतीची तारीख निघते. म्हणजे एकाच तालुक्यात, सिंदखेड राजाची तारीख जुनी आणि साखरखेर्ड्याची नवी. दोन्ही १७५२ आधीच्या, दोन्ही बिनखुणेच्या.

सुरतेचे उदाहरण आणखी बोलके आहे. महाराजांची पहिली सुरत स्वारी इंग्रजांच्या हिशेबाने ६ जानेवारीची. त्याच शहरात वखार असलेले डच नवी पद्धत वापरत. त्यांच्या हिशेबाने तोच दिवस १६ जानेवारीचा. शिवाय इंग्रजांचे कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. म्हणून आपण ज्याला १६६४ म्हणतो तो जानेवारी त्यांच्या लेखी अजून १६६३ होता. दोन्ही कागद एकाच घटनेचे आहेत हे न ओळखणारा संपादक दिनविशेषात दोन स्वाऱ्या घालू शकतो.

चौदा तारखेची संक्रांत

तारखेला पद्धतीची खूण नसली की माणसे मोकळी जागा कल्पनेने भरतात. पानिपतच्या बाबतीत तसेच झाले आहे. 'मराठ्यांवर संक्रांत कोसळली' हे वाक्य आपण इतके ऐकले आहे की १४ जानेवारी १७६१ ला मकरसंक्रांत होती हे गृहीतच धरले जाते. ती तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार, हे बरोबर आहे. संक्रांत मात्र त्या दिवशी नव्हती.

आपली संक्रांत सूर्याच्या नाक्षत्र गतीवर ठरते. ते वर्ष ग्रेगरी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे, म्हणून साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. पुरावा पुन्हा बारा जानेवारीच्या पानावरच आहे. विवेकानंदांचा जन्म झाला त्या दिवशी, १२ जानेवारी १८६३ ला, मकरसंक्रांत होती. त्याच्या आणखी शंभर वर्षे मागे गेले की संक्रांत दहा जानेवारीच्या सुमारास येते. पानिपतच्या रणावर भाऊसाहेब उभे राहिले तेव्हा तीळगूळ वाटून तीन-चार दिवस झाले होते. आजची १४ तारीख घेऊन ती अडीचशे वर्षे मागे चिकटवली, की असा इतिहास तयार होतो.

तिथीचे साल कोणते

जानेवारी ते मार्च हे महिने दिनविशेष लिहिणाऱ्याची परीक्षा घेतात. शक चैत्रात बदलतो. म्हणून चैत्रापासून डिसेंबरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करायचे आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९.

आमच्या भागात याचे जवळचे उदाहरण शेगावचे. श्री गजानन महाराज प्रकट झाले तो दिवस माघ वद्य सप्तमी, २३ फेब्रुवारी १८७८. अनेक ठिकाणी त्यापुढे शके १८०० असे छापलेले असते. फेब्रुवारी १८७८ मधून ७९ वजा केले तर शके १७९९ येतात. शके १८०० चा माघ फेब्रुवारी १८७९ मध्ये पडतो. जुन्या काळी सरलेले वर्ष मोजण्याची आणि चालू वर्ष मोजण्याची अशा दोन रीती होत्या, त्यांना गत शक आणि वर्तमान शक म्हणत. त्यांत एका आकड्याचा फरक पडतोच. भाविकांच्या दृष्टीने काही बिघडत नाही, कारण प्रकटदिन तिथीनेच होतो आणि तिथीबद्दल वाद नाही. पण कोशाच्या पानावर १८७८ आणि १८०० हे दोन आकडे शेजारी बसवले, तर कोणत्या रीतीने, ते लिहिले पाहिजे.

याच उदाहरणातून दुसरा नियम निघतो. महाराजांनी समाधी घेतली ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला. ही घटना ८ सप्टेंबरच्या पानावर यावी. पण पुण्यतिथीचा उत्सव ऋषिपंचमीला असतो, आणि ऋषिपंचमी दरवर्षी ८ सप्टेंबरला येत नाही. म्हणून 'प्रतिवार्षिक पालन' या रकान्यात तो घालायचा नाही. तिथे प्रजासत्ताक दिन शोभतो, दिवाळी नाही. माझ्या वहीला मागे तिथ्यांची वेगळी पाने जोडलेली आहेत. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत. सण आणि उत्सव तिकडे.

तिथ्यांच्या पानांनाही सीमेची अडचण आहे. सातपुडा ओलांडला की महिना पौर्णिमेला संपतो, आमच्याकडे अमावास्येला. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, पलीकडे तीच फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. रात्र एकच. उत्तरेतला कागद वाचताना वद्य पक्षाचा महिना तपासल्याशिवाय नोंद करू नये.

वऱ्हाडात आणखी एक थर आहे. १८५३ मध्ये हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्याआधीच्या महसुली कागदांत फसली सन भेटतो. पेशव्यांच्या दप्तरात शुहूर सन, तोही अरबी शब्दांत: 'इहिदे सितैन मया अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, मिळून ११६१. हे पानिपतचे वर्ष. शुहूर सनात ५९९ आणि दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. दोन्ही सने मृगाला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर बदलत असल्याने जानेवारी ते मृग या काळासाठी आणखी एक मिळवावा लागतो. शेतकऱ्याच्या वर्षाचे हे गणित मला जानेवारीच्या वर्षापेक्षा समजायला सोपे गेले.

एक जूनची गर्दी

तारखा जुन्या काळाच्याच फसव्या असतात असे नाही. महाराष्ट्रातला कोणताही दिनविशेष घ्या, १ जूनच्या पानावर जन्मांची दाटी दिसेल. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. घरात जन्मतारीख लिहिलेली नसे. मूल शाळेत घालताना गुरुजी हिशेबाला सोयीची म्हणून १ जून टाकत. ती तारीख दाखल्यावर गेली, तिथून नोकरीच्या पुस्तकात, तिथून गौरवग्रंथात आणि शेवटी कोशात. मी अशा नावापुढे 'शाळेच्या नोंदीनुसार' एवढे लिहितो. त्यात त्या माणसाचा अवमान नाही. उलट त्याच्या घराची आणि काळाची एक खरी गोष्ट त्या दोन शब्दांत येते.

गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीला, म्हणजे कोतवाल बुकाला, आज मोठे मोल आले आहे. जातीच्या दाखल्यासाठी विदर्भातली कुटुंबे तिच्या नकला काढतात. तिथे नोंदीची तारीख आणि जन्माची तारीख एकच असेल असे नाही. कोशासाठी तीच वही वापरताना कोणता रकाना वाचतो आहोत, ते सांगायलाच हवे. तारखेतला निष्काळजीपणा तिथे केवळ इतिहासाला नाही, माणसाच्या हक्कालाही लागतो.

वहीचे नियम

इतक्या ठेचांनंतर माझ्या वहीत जे नियम ठरले, ते थोडक्यात असे.

एका ओळीत एक घटना. आधी साल, मग घटना, मग स्थळ. 'थोर', 'महान', 'झुंजार' ही विशेषणे नाहीत. ज्याचे नाव पानावर आले त्याला त्यांची गरज नसते.

नाव एकच रूप धरून. शेजारच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. इंग्रजी ग्रंथांत हे गाव 'अर्गाम' होते. त्या नावाने लिहिलेली नोंद अडगावचा माणूस ओळखतच नाही. म्हणून आपले नाव आधी, कागदातले नाव नंतर.

'अमुकावा वर्धापन' असे लिहायचे नाही. राज्याभिषेकाचे ३५० वे वर्ष जून २०२३ मध्ये सुरू झाले आणि ३५० वर्षे पूर्ण झाली ती जून २०२४ मध्ये. दोन्ही वर्षी फलक लागले. कोशाने १६७४ लिहावे, वजाबाकी वाचक करील.

२९ फेब्रुवारीला स्वतःचे पान हवे. मोरारजी देसाई १८९६ साली त्या दिवशी जन्मले. १९०० लीप नसल्याने त्यांचा पुढचा खरा वाढदिवस थेट १९०४ ला आला. त्यांना २८ तारखेच्या किंवा १ मार्चच्या पानावर ढकलणे योग्य नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: मूळ कागदात जी कालगणना आहे ती आधी, रूपांतर नंतर, आणि रूपांतरापुढे 'जुनी' किंवा 'नवी' ही खूण.

या शेवटच्या नियमाचे महत्त्व शिवजन्माच्या वादाने शिकवले. पूर्वी शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल चाले. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रकाशात आणली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद होती. परमानंदाच्या शिवभारताने तिला दुजोरा दिला. हा वाद सोडवता आला तो तिथी, वार आणि शक हे तिन्ही मूळ कागदात टिकले होते म्हणून. कोणी सुरुवातीलाच त्यांची इंग्रजी तारीख करून मूळ तिथी टाकून दिली असती, तर पडताळायला हाती काही उरले नसते. वार आणि तिथी एकमेकांचे साक्षीदार असतात. १६३० च्या त्या शुक्रवारी चंद्र पौर्णिमा उलटून तिसऱ्या दिवसावर होता, हे आजही गणिताने दाखवता येते.

मग जिजाऊंची जयंती २२ जानेवारीला न्यायची काय? असा प्रश्न मला व्याख्यानांत विचारला जातो. माझे उत्तर, नाही. तसे करायचे तर शिवजन्म १ मार्चला, राज्याभिषेक १६ जूनला न्यावा लागेल, आणि शंभर वर्षांच्या इतिहासग्रंथांतली प्रत्येक तारीख वाचकाला परकी होईल. लोकांनी धरलेला दिवस हाही आता इतिहासाचाच भाग आहे. सिंदखेड राजाच्या वाटेवर पहाटे निघालेल्या बायाबापड्यांना ज्युलियन-ग्रेगरीशी देणेघेणे नाही, आणि नसावेही. कोशाला मात्र ते असले पाहिजे. एकसारखेपणा म्हणजे सगळ्या तारखा एका पट्टीवर ठोकून बसवणे नव्हे. प्रत्येक तारखेपुढे तिची पट्टी सारख्याच रीतीने लिहिणे, हा खरा एकसारखेपणा.

माझ्या वहीतले बारा जानेवारीचे पान म्हणून असे आहे:

१५९८ : जिजाऊ, सिंदखेड राजा. पौष पौर्णिमा, शके १५१९, गुरुवार. (जुनी, नवी २२ जानेवारी)

१८६३ : स्वामी विवेकानंद, कोलकाता. मकरसंक्रांत. (नवी)

फळ्यावर लिहायला गुरुजींना यात चार शब्द जास्त पडतात. पण ते लिहिले तर एखादे तरी मूल हात वर करून विचारील, 'सर, जुनी म्हणजे काय?' दिनविशेषाचे काम त्या प्रश्नापाशी सुरू होते.